याद्यांवर तरंगणारी हाउसबोट

अमेरिकेच्या युटा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर, जेथे वर्षभराचा पाऊस वीतभरही भरत नाही अशा लालसर खडकांच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदी अडवून केलेला लेक पॉवेल नावाचा एक विस्तीर्ण जलाशय आहे. आणि एरवी सुज्ञ म्हणून ओळखली जाणारी, वेळेवर कर भरणारी, दातांच्या वैद्याकडे वर्षातून दोनदा जाणारी माणसे या जलाशयावर भाड्याचे घर तरंगवत नेऊन मूळच्या अटलांटिक किनाऱ्यावरील माशाचा पाठलाग करतात. वाळवंट, समुद्रातला मासा आणि तरंगते घर या तीन गोष्टी एकाच वाक्यात आल्यामुळे त्यांतील एखादी तरी मुद्रणदोष असावी असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिन्ही खऱ्या आहेत, आणि चौथी, म्हणजे या प्रवासाची पूर्वतयारी, त्या तिन्हींहून अविश्वसनीय आहे.

प्रथम माशाविषयी. स्ट्राइप्ड बास हा अंगावर काळ्या आडव्या रेघा असलेला, चंदेरी आणि कमालीचा खादाड मासा असून गळ टाकणारे त्यास लाडाने 'स्ट्रायपर' म्हणतात. तो निसर्गतः समुद्रात राहतो व अंडी घालण्यापुरता नदीत येतो. त्याच्या प्रवासाचे नियोजन परस्पर उरकण्याची माणसाची खोड जुनीच आहे. १८७९ मध्ये न्यू जर्सीतील सुमारे १३० लहान स्ट्रायपर आगगाडीत घालून थेट कॅलिफोर्नियात नेऊन सोडण्यात आले, आणि त्यांनी तेथे असा काही संसार थाटला की वीसेक वर्षांत त्यांचा बाजार भरू लागला. पुढे १९४१ च्या सुमारास दक्षिण कॅरोलिनातील सँटी-कूपर धरणांच्या मागे काही स्ट्रायपर गोड्या पाण्यात कोंडले गेले. समुद्राचे दर्शन कायमचे अंतरल्यामुळे ते खंगतील अशी अपेक्षा असताना ते उलट फोफावले, तेव्हा देशोदेशीच्या नव्हे तरी राज्योराज्यीच्या मत्स्यखात्यांना हुरूप आला आणि १९७४ मध्ये लेक पॉवेलमध्येही ते सोडण्यात आले. या माशाची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, नाहीतर ती तळाशी जाऊन गुदमरतात, आणि जलाशयात तर पाणी वाहत नाही. तेव्हा येथे त्यांची संख्या आटोक्यात राहील, असा हिशेब होता. माशांना हा हिशेब कोणी समजावून सांगितला नाही. काही वर्षांतच त्यांची प्रजा इतकी वाढली की आज या जलाशयात स्ट्रायपर किती पकडावेत यावर कसलीही मर्यादा नाही.

ही अमर्याद परवानगीच नियोजकाच्या बुद्धिभ्रंशाचे मूळ होय. जेथे दिवसाला चार मासे एवढीच मुभा असते, तेथे माणूस चार माशांपुरता बर्फ घेऊन निघतो. जेथे मर्यादाच नाही, तेथे किती बर्फ घ्यावा या प्रश्नाला उत्तरही नाही. पाण्यात म्हैस आणि वर मोल करण्याची वृत्ती सार्वत्रिक असली, तरी न पकडलेल्या माशांच्या काटे काढलेल्या तुकड्यांची शेजारपाजाऱ्यांत आगाऊ वाटणी करून तिचा तक्ता शीतपेटीच्या झाकणावर चिकटविण्याइतकी प्रगती तिने अन्यत्र क्वचितच केली असेल.

येथे हाउसबोट या शब्दाचाही खुलासा करावयास हवा, कारण मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे तो उच्चारताच दल सरोवरातील कोरीव लाकूडकाम किंवा केरळच्या खाड्यांतील वेताचे छप्पर उभे राहते, आणि दोहोंबरोबर चहा आणून देणारा एक नम्र मनुष्यही. लेक पॉवेलवरील हाउसबोट ही दोन पिंपांसारख्या लांबट पोकळ तरांड्यांवर बसविलेली, पंधरा ते वीस मीटर लांबीची सदनिका असते. तिच्यात शयनगृहे, स्वयंपाकघर, जनरेटर, गच्ची आणि गच्चीवरून पाण्यात उतरणारी घसरगुंडी असते, परंतु चहा आणून देणारा मनुष्य नसतो. नावाडीही नसतो. भाड्याने घेणाऱ्यास थोडा वेळ शिकवणी देऊन सुकाणू त्याच्याच हाती सोपविण्यात येते, आणि अशा रीतीने जन्मात सायकलखेरीज काही न हाकलेला विमा कंपनीतील एखादा कारकून एका सकाळी कप्तान होतो.

पूर्वतयारीस साधारणपणे वर्षभर आधी प्रारंभ होतो. आठ-दहा जणांच्या मंडळीत एक प्रमुख नियोजक असतो, जो संगणकावर तक्ता मांडतो. त्याची पत्नी असते, जिला त्या तक्त्यातील चुका कळतात पण विचारले जात नाही. एक मेव्हणा असतो, जो पूर्वी एकदा येथे येऊन गेल्यामुळे स्वतःस तज्ज्ञ समजतो. आणि फिनिक्स शहरातील शेजारधर्मामुळे ओढला गेलेला एखादा मराठी अभियंताही असू शकतो, ज्यास मासे पकडण्यात नव्हे तर खाण्यात गती असते. नियोजक वस्तूंची यादी सर्वांस पाठवितो. तीत प्रत्येक जण भर घालतो, कोणीही काही वगळत नाही, आणि लग्नघरातील याद्यांप्रमाणे तीत कालांतराने अशा वस्तू शिरतात ज्यांचे प्रयोजन त्या लिहिणाऱ्यासही आठवत नाही. एका यादीत 'लांब दोर' चार वेळा आणि 'पुरेसा लांब दोर' एकदा आढळणे ही सामान्य बाब आहे.

या परंपरेचा मूळपुरुष ज्याच्या नावे हा जलाशय आहे तो जॉन वेस्ली पॉवेल हाच मानावा लागेल. यादवी युद्धात उजवा हात गमावलेला हा भूवैज्ञानिक १८६९ मध्ये चार नावा, नऊ सोबती आणि दहा महिने पुरेल एवढी शिधासामग्री घेऊन ग्रीन नदीतून कोलोरॅडोच्या अज्ञात दऱ्यांकडे निघाला. पहिल्या काही आठवड्यांतच एक नाव खडकावर आपटून फुटली आणि शिध्याचा मोठा भाग वाहून गेला. नंतर मोडक्या नावेच्या अवशेषांतून मोठ्या धाडसाने वायुभारमापक बाहेर काढण्यात आले, व त्यांच्याबरोबर व्हिस्कीचे एक पिंपही, जे पॉवेलच्या यादीत नव्हतेच. ते सोबत्यांनी गुपचूप चढविले होते. यादीतील वस्तू बुडतात आणि यादीबाहेरील तरतात हा या प्रदेशाचा पहिला धडा म्हणावा, पण तो कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. फार तर व्हिस्की आता यादीत असते.

नियोजनातील खरी मेख मात्र पाण्याची आहे. ग्लेन कॅनियन धरणात १९६३ साली पाणी साठू लागले, आणि तो जलाशय काठोकाठ, म्हणजे समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट उंचीपर्यंत, भरण्यास १९८० चा जून उजाडावा लागला. त्यानंतर त्याची पातळी कोलोरॅडोच्या उगमाकडील हिमवृष्टीप्रमाणे आणि खालच्या राज्यांच्या तहानेप्रमाणे वर-खाली होत आली असून २०२३ च्या आरंभी ती ३,५२० फुटांच्या आसपास उतरली होती. खडकांवर राहिलेला क्षारांचा पांढरा पट्टा हे पाणी एके काळी कोठवर होते ते दाखवितो, आणि मेव्हण्याची स्मरणशक्ती नेमकी त्या पट्ट्याच्या वरच्या कडेस अडकलेली असते.

"मागच्या वेळी आपण येथेच बोट लावली होती," तो नकाशावर बोट ठेवून सांगतो.

"ते कोणते साल?" पत्नी विचारते.

"२०११."

"आता ती जागा डोंगरावर आहे."

यामुळे नियोजक दररोज सकाळी जलाशयाची पातळी पाहतो. शेअर बाजारातील चढउतारांनी ज्यांचा रक्तदाब हलत नाही, अशी माणसे तीन इंचांच्या घसरणीने जेवण टाकतात, कारण पातळी उतरली की बोटी पाण्यात सोडण्याचे काँक्रीटचे उतार कोरडे पडतात, जवळचे मार्ग बंद होतात आणि नकाशा जुना होतो. कॅसल रॉक कट या नावाची एक खाच पाणी पुरेसे असल्यास धक्क्यावरून मोठ्या जलाशयात जाण्याचा आडमार्ग होते. पाणी नसल्यास तेथे वाळू असते आणि ताशी बारा-तेरा किलोमीटर वेगाने सरकणाऱ्या हाउसबोटीस लांबचा वळसा घ्यावा लागतो, ज्या अवधीत मुलांचे खेळ संपतात, मोठ्यांचे विषय संपतात आणि पहिल्या दिवसासाठी राखलेले खाद्यपदार्थही संपतात. पेट्रोलचेही तसेच. वॉहीप आणि बुलफ्रॉग या दोन प्रमुख धक्क्यांत पाण्याच्या वाटेने सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर असून त्यांच्यामध्ये डँगलिंग रोप नावाचे एक तरंगते ठाणे होते, जेथे रस्ता पोहोचत नसे पण पेट्रोल आणि आइस्क्रीम मिळत असे. २०२१ मध्ये वादळी वाऱ्याने त्याचे नुकसान झाले व ते बंद पडले. तरीही मेव्हण्याच्या आराखड्यात तिसऱ्या दिवशी दुपारी तेथे आइस्क्रीम खाण्याचा कार्यक्रम असतोच.

पाण्याहूनही निसरडी वस्तू म्हणजे वेळ. युटामध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, ॲरिझोनामध्ये करीत नाहीत. जलाशयाच्या दक्षिण काठावरील नवाहो राष्ट्राची भूमी बव्हंशी ॲरिझोनात मोडत असली तरी नवाहो लोक घड्याळे पुढे करतात, आणि त्याच भूमीवरील अँटिलोप पॉइंटचा धक्का मात्र ॲरिझोनाच्या वेळेने चालतो. दोन राज्यांची सीमा वॉहीपपासून फार दूर नसल्याने हाउसबोट सकाळभरात ती ओलांडते, आणि खिशातील मोबाइल फोन ज्या मनोऱ्याचा क्षीण संदेश पकडतील त्याप्रमाणे आपापली वेळ ठरवितात. या व्यवस्थेचा स्ट्रायपरच्या सवयींशी घनिष्ठ संबंध आहे. उन्हाळ्यात पहाटे हे मासे थव्याने येऊन शॅड नावाच्या लहान माशांना पृष्ठभागाकडे हाकलतात आणि तेथे त्यांच्यावर तुटून पडतात, तेव्हा पाणी उकळत असल्यासारखे दिसते. या दृश्यास 'बॉइल' अशी संज्ञा असून ते कधी पाच मिनिटांत संपते. तेव्हा आदल्या रात्री एकमताने ठराव होतो की सर्वांनी बरोबर पाच वाजता डेकवर हजर राहावे.

जूनमध्ये तेथे ॲरिझोनाच्या पाचच्या सुमारास सूर्य उगवतो. परिणामी युटाच्या पाच वाजता उठलेले चार जण काळोखात गळ बांधून, स्वेटर घालून, एकमेकांच्या टोप्यांत आकडे अडकवीत तासभर बसतात, ॲरिझोनाच्या पाच वाजता उठलेले दोघे ऐन बॉइलच्या वेळी बाहेर येऊन कॉफी कोणी केली आहे का असे विचारतात, आणि मराठी अभियंता, ज्याच्या फोनने मनोरा न सापडल्यामुळे स्वतःच काही निर्णय घेतलेला असतो, आठाच्या सुमारास प्रकट होऊन सर्वांस विचारतो, "मग, निघायचे ना?" तोवर पाणी आरशासारखे स्वच्छ झालेले असते.

बॉइल हुकला तरी हताश होण्याचे कारण नसते, कारण अँकोव्ही असतात. अँकोव्ही हे बोटभर लांबीचे समुद्री मासे असून गोठविलेल्या लाद्यांच्या रूपात विकत मिळतात. त्यांचे तीन-तीन तुकडे करून एक गळाला लावायचा आणि उरलेले पाण्यात भिरकावून खालच्या थव्यास आमंत्रण द्यायचे, ही येथील सर्वमान्य पद्धत. मोठे स्ट्रायपर उन्हाळ्यात थंड पाण्याच्या शोधात खोल उतरतात, तर शॅड वरच्या कोमट पाण्यात राहतात, त्यामुळे थोरले मासे पुष्कळदा उपाशी असतात व मिळेल त्यावर झडप घालतात. परंतु या लाद्या गळापर्यंत पोहोचण्याआधी प्रवासात कोठेतरी ठेवाव्या लागतात, आणि हाउसबोटीवर शीतकपाट मोजकेच. नियोजकाच्या तक्त्यात त्यांना स्वतंत्र पेटी दिलेली असते. प्रत्यक्षात त्या पेटीत शीतपेये जातात आणि अँकोव्ही वर्तमानपत्रात गुंडाळून मुलाच्या वाढदिवसाच्या केकखाली सरकविल्या जातात. दुसऱ्या दुपारी जनरेटर तासभर रुसतो. लादीच्या कडा मऊ होतात, राखाडी पाण्याचा एक ओघळ वर्तमानपत्रातून निथळत केकच्या पुठ्ठ्यात शिरतो, आणि मेणबत्त्या फुंकण्याच्या वेळी गुलाबी क्रीमवर कोठून तरी आलेला एक चांदीसारखा खवला चमकताना दिसतो.

"ही सजावट आहे," नियोजक म्हणतो.

"खाऊन दाखव," पत्नी म्हणते.

अभियंत्याची हरकत वेगळ्याच पातळीवरील असते. कोकण किनाऱ्यावर आवडीने खाल्ली जाणारी मांदेली ही अँकोव्हीच्याच कुळातील, हे त्याने पहिल्याच लादीचा वास घेऊन ओळखलेले असते. "हिला रवा लावून तळायची सोडून तुम्ही पाण्यात फेकता?" तो विचारतो. "त्याने मोठा मासा मिळतो," असे त्यास समजाविण्यात येते. मोठा मासा म्हणजे किलो-दीड किलोचा, शॅडचा दुष्काळ असलेल्या वर्षी डोके मोठे आणि अंग बारीक असा स्ट्रायपर. त्याचे काटे काढून, लालसर मांस कापून टाकून जे उरते ते, आणि तितक्यात संपलेली मांदेली, यांची मनोमन तुलना करून तो गप्प बसतो. तिसऱ्या रात्री आमिषाची एक लादी नाहीशी होते व स्वयंपाकघरात हळदीचा वास येतो, या दोन घटनांचा संबंध मंडळींस दुसऱ्या दिवशी जोडता येतो.

मुक्कामाचे शास्त्रही थोडे सांगितले पाहिजे. हाउसबोट रात्री वाळूच्या काठावर नाक टेकवून उभी करतात, आणि दोन्ही बाजूंस दूरवर वाळूत खोल खड्डे खणून त्यांत नांगर पुरतात. सपाट, वाळूचा, वाऱ्यापासून आडोशाचा आणि आधी कोणी न बळकावलेला असा किनारा शोधण्यात दिवसाचा मोठा भाग जातो. येथील किनारा पूर्ण भरलेल्या स्थितीत तीन हजार किलोमीटरांहून लांब असल्याचा अभिमानाने उल्लेख होतो, मात्र त्याचा बहुतेक भाग उभे कडे आहेत हे संध्याकाळी सहा वाजता ध्यानात येते. अखेर जागा मिळते व खड्ड्यांच्या खोलीवरून वाद होतो. मेव्हण्याच्या मते गुडघाभर पुरे. पुस्तकात कंबरभर लिहिलेले. खणणाऱ्यांचे मत कोणी विचारीत नाही. मध्यरात्री दऱ्यांतून वारा सुटतो, तेव्हा गुडघाभर खड्ड्यातील नांगर वाळूतून सावकाश चालू लागतो, दोर ताणला जाऊन कुरकुरतो, घर आपल्या बुडाभोवती अलगद वळते, आणि ज्या खिडकीतून झोपताना कडा दिसत होता त्या खिडकीतून शेजाऱ्यांची हाउसबोट हळूहळू मोठी होताना दिसते. शेजारी अंतर्वस्त्रांवर, हातात वल्हे घेऊन उभा असतो.

"नमस्कार," नियोजक म्हणतो.

"काल तुम्ही ६०० फूट लांब होतात," शेजारी म्हणतो.

हे पाण्याच्या चढउताराने झाले, वाऱ्याने नव्हे, असा खुलासा मेव्हणा आतून करतो. वसंतात बर्फ वितळू लागले की जलाशय कधी दिवसाकाठी फूटभरही चढतो ही गोष्ट खरी. पण चढलेले पाणी हाउसबोट दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडते असे कोणत्याही शास्त्रात म्हटलेले नाही. त्याच रात्री चौथ्यांदा लिहिलेल्या 'लांब दोरा'ची शोधाशोध होते. तो प्रत्येकाने दुसऱ्याने आणला असे समजून घरी ठेवलेला असतो.

मलमूत्रविसर्जनाच्या व्यवस्थेबद्दल सभ्य ग्रंथांत मौन पाळतात, म्हणून एवढेच नमूद करावे की हाउसबोटीच्या बुडात त्यासाठी टाकी असते, ती भरत आली की धक्क्यावर जाऊन उपसून घ्यावी लागते, आणि ती किती भरली हे दर्शविणारा काटा नेहमी अर्ध्यावर असतो. नियोजकाच्या तक्त्यात या विषयासाठी एक सूत्र होते, माणशी दररोज इतके लिटर. त्यात वाढदिवसाचा केक धरलेला नव्हता.

शेवटच्या दिवशी धक्क्यावर दोन परीक्षा असतात. पहिली शिंपल्यांची. क्वागा नावाचे, नखाएवढे पण बोटींस, नळांस व यंत्रांस चिकटून अमाप वाढणारे परकीय शिंपले या जलाशयात शिरले असल्याने ओढून आणलेली लहान मासेमारीची बोट बाहेर काढताना तिची तपासणी होते, आणि बुडाचे बूच काढून सारे पाणी निथळू द्यावे लागते. बूच कोठे आहे याविषयी तिघे तीन दिशांकडे बोट दाखवितात. बूच पहिल्या दिवसापासून अभियंत्याच्या पँटच्या खिशात असते, कारण कोणीतरी 'हे जपून ठेव' म्हणून ते त्याच्या हाती दिले होते. बोटीत आठवडाभर पाणी कोठून येत होते हे त्या क्षणी सर्वांस एकदम उमगते.

दुसरी परीक्षा सौम्य असते. मत्स्यखात्याची एक तरुण कर्मचारी हातात फळी व कागद घेऊन परतणाऱ्यांस प्रश्न विचारते. कोणत्या जातीचे किती मासे मिळाले आणि त्यासाठी किती तास घालविले, या माहितीवरून जलाशयाच्या प्रकृतीचा अंदाज बांधतात.

"स्ट्रायपर किती?" ती विचारते.

अकरा, चौदा आणि 'तीसेक' अशी तीन उत्तरे एकाच वेळी येतात. ती शीतपेटी उघडून मोजते व नऊ लिहिते.

"आणि मासेमारीचे तास?"

"कोणत्या वेळेप्रमाणे?" मेव्हणा विचारतो.

नियोजक गंभीर होऊन पुढे येतो, गेल्या जुलैपासूनच्या नोंदी असलेला तक्ता उघडतो, आणि पातळी पाहण्यात, याद्या दुरुस्त करण्यात, दोरांच्या किमती ताडून पाहण्यात गेलेले तास स्तंभवार वाचून दाखवू लागतो. ती मुलगी सभ्यपणे दुसऱ्या स्तंभापर्यंत ऐकून घेते, मग गळ प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ होता एवढेच हवे असल्याचे सांगते. आणि मागे रांगेत बोटी वाढू लागल्यामुळे नियोजकाची पत्नी तिच्या हातातील पेन्सिल घेऊन त्या रकान्यात स्वतःच 'सहा' असा आकडा लिहून टाकते.